कौलांखालची तार

जुन्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यावर भूत आहे, ही बातमी गेल्या पीएलमध्ये तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर आली असेल. कोपऱ्यातल्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून रात्री कोणीतरी नाकात बोलतं, शब्द एकही कळत नाही, आणि आवाज शून्यावर आणला तरी बोलणं चालूच राहतं, अशी ती बातमी होती. मेकॅनिकलच्या एका वीराने म्हणे स्पीकरला उदबत्तीसुद्धा ओवाळली. मित्रांनो, ते भूत म्हणजे मी. बोलणं इंग्रजीत होतं, बऱ्यापैकी शुद्ध होतं, आणि इंडोनेशियातल्या एका आजोबांशी पावसापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या.

भुताचा खुलासा पुढे करतोच. पण लेख लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या ब्लॉकची कौलं काढून पत्रे टाकणार, अशी नोटीस मेसच्या दारावर लागली आहे. तुम्ही सगळ्यांनी ती वाचली असेल आणि ‘चला, गळती थांबली’ म्हणून पुढे गेला असाल. मी मात्र ती नोटीस तीनदा वाचली. भारतात इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलला कौलारू छप्पर आणि त्याखाली लाकडी माळा असणं, ही एका विशिष्ट प्रकारच्या वेड्यासाठी किती मोठी चैन आहे, हे ती जाण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

वेड म्हणजे हॅम रेडिओ. थोडक्यात सांगतो. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, आपल्याला एक कॉल साइन मिळते, आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर आपण स्वतःच्या रेडिओवरून जगात कुणाशीही बोलू शकतो. मधे ना मोबाइल कंपनीचा टॉवर, ना इंटरनेट. आपला सिग्नल वर जातो, आयनोस्फिअरला लागून परततो, आणि हजारो किलोमीटरवर उतरतो. मी सेकंड इयरला असताना मोर्स शिकून जनरल ग्रेडची परीक्षा दिली, परवाना आला, त्यावर होस्टेलचाच पत्ता घालून घेतला. रेडिओ म्हणजे मायक्रोबिटएक्स. हैदराबादच्या अशर फरहान यांचं हे डिझाइन. साधे पार्ट वापरून घरी जुळवता येतील असे सेट त्यांनी काढले आणि जगभरच्या लोकांनी ते बांधले. माझा सेट एका पासआउट सिनिअरकडून सेकंडहँड घेतला. एक नॉब तुटका आहे, बाकी ठणठणीत.

सगळं जमलं आणि मग लक्षात आलं, की अँटेना लावायला जागाच नाही.

गच्चीची किल्ली मागितली. नव्या ब्लॉकला गच्ची आहे, पण तिला कुलूप आहे आणि त्याला कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. पोरं गच्चीवर काय काय करतात ते आपल्याला माहीत आहे. मी तोंडी विचारलं, तोंडी ‘बघू’ मिळालं. ‘बघू’ या शब्दाचा होस्टेलमधला अर्थ वेगळा सांगायला नको.

हॅम रेडिओच्या अमेरिकन पुस्तकांत एक प्रकरण हमखास असतं : ॲटिकमधला अँटेना. तिकडे सोसायट्यांचे नियम असे कडक, की घराबाहेर तार दिसता कामा नये. घरं लाकडाची, वर उतरतं छप्पर, त्यामुळे माणसं निमूटपणे छपराखालच्या माळ्यात तार ताणतात. आपल्याकडे हा विषय सहसा कुणी काढत नाही, कारण आपल्याकडे माळाच नाही. आरसीसी स्लॅब म्हणजे सळयांची जाळी. दोन सळयांमधलं अंतर वीतभर, आणि माझ्या लहरीची लांबी दहा मीटर. लहरीच्या दृष्टीने ती जाळी नव्हे, धातूची अखंड ताटली. नव्या ब्लॉकमधल्या माझ्या मित्राने खोलीत तार लावून पाहिली. खिडकीच्या दिशेने जे काय थोडं बाहेर पडतं तेवढंच.

जुना ब्लॉक मात्र वेगळा. दगडी भिंती, सागवानी कैच्या, वासे, रिपा आणि वर मंगळुरी कौलं. धातू म्हणाल तर खिळे. कोरडं कौल रेडिओच्या लहरीला फारसं अडवत नाही. आणि आढ्याखाली उभं राहिलं की जमिनीपासून साधारण आठ मीटर उंची फुकटात मिळते. ही उंची फार महत्त्वाची. अंगणात दोन खांब रोवून लावलेल्या बुटक्या अँटेनापेक्षा छपराखालचा उंच अँटेना कित्येकदा बरा.

२०२४ साली गणपतीच्या सुट्टीत, होस्टेल निम्मं रिकामं असताना, कॉरिडॉरच्या टोकाची झडप उघडून मी वर गेलो. पंचवीस-तीस वर्षांची धूळ, वटवाघळांची शी, एक मोडकी कॉट, आणि कुणाचं तरी ‘टर्मवर्क सर्टिफाइड’ असं शिक्का मारलेलं जर्नल. गणित सोपं होतं. अर्ध्या लहरीच्या डायपोलची मीटरमधली लांबी म्हणजे १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ. मी दहा मीटरचा बँड घेतला, मध्यावर २८.२ धरलं, लांबी आली ५ मीटर ५ सेंटिमीटर. वायरिंगची साधी तार मधोमध कापली, टोकांना टूथब्रशच्या दांडीचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधले, नायलॉनच्या दोरीने दोन कैच्यांमध्ये ताणली. मधून कोॲक्स केबल खाली माझ्या खोलीत.

हाच बँड का घेतला हेही सांगतो. हा बँड सूर्याच्या मर्जीवर चालतो. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. डाग भरात असले की आयनोस्फिअर तापतं आणि २८ मेगाहर्ट्झचे सिग्नल परत खाली येतात, नाहीतर सरळ अवकाशात निघून जातात. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा भर २०२४च्या सुमारास आला. म्हणजे सर्वांत छोटा अँटेना आणि सर्वांत अनुकूल सूर्य एकाच वेळी. चाळीस मीटर बँडच्या डायपोलला वीस मीटर जागा लागते, तेवढा आपला माळा सलग नाही.

तर तार लावली, आणि मोजली तर ती २८.२वर नाही, २७.१वर जुळत होती. ‘अँटेना अँड वेव्ह प्रोपगेशन’च्या पेपरात मला ७१ मार्क आहेत. पण तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असलं, जवळ लाकूड, कौलं आणि जुनी वायरिंग असली, की तार विजेच्या हिशेबात ‘लांब’ होते, हे मला त्या दिवशी हातात कात्री घेऊन कळलं. दोन्ही टोकांची मिळून वीस सेंटिमीटर कापली तेव्हा गाडी रुळावर आली. मोजायला नॅनोव्हीएनए होतं, खिशात मावणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर स्मिथ चार्ट दिसतो. होय, तोच, जो ओरलला एक्स्टर्नल काढायला सांगतात आणि आपण वर्तुळं गिरवून ‘सर, असा असतो’ म्हणतो. फिलिप स्मिथने तो १९३९ साली प्रसिद्ध केला. मी माळ्यावर बसून तार कापत होतो आणि पडद्यावरचा ठिपका मधल्या बिंदूकडे सरकत होता. चार सेमिस्टरमध्ये जे डोक्यात शिरलं नाही ते अर्ध्या तासात शिरलं. आणि पावसाळ्यात पुन्हा गंमत. कौलं भिजली की ठिपका जागचा हलतो, फ्रिक्वेन्सी खाली घसरते. ऊन पडलं की हळूहळू जागेवर. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८०च्या आसपास असतो हे पाठ होतंच. आता पाऊस किती पडला हे मी खिडकी न उघडता सांगू शकत होतो.

आता दुखणं. छपराखालच्या अँटेनाचं खरं दुखणं सिग्नल कमी जाणं हे नाहीच. खरं दुखणं म्हणजे गोंगाट. आपल्या ब्लॉकमध्ये चाळीस खोल्या. प्रत्येक खोलीत दोन-तीन मोबाइल चार्जर, स्वस्तातले एलईडी बल्ब, लॅपटॉपचे ॲडॅप्टर. या प्रत्येकात एक छोटा स्विचिंग सप्लाय असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होताना रेडिओच्या कानात किरकिरतो. बाहेरचा अँटेना या किरकिरीपासून लांब असतो, माझा तिच्या कुशीत. पहिले दोन आठवडे मला नुसती खरखर ऐकू आली. रूममेट म्हणाला, “हे ऐकायला परीक्षा दिलीस?”

काही उपाय केले. तार जुन्या वायरिंगला समांतर होती, ती काटकोनात फिरवली, तिथेच बराच फरक पडला. भंगारातल्या मॉनिटर केबलींवरची फेराइटची नळकांडी गोळा करून कोॲक्सवर चढवली. आमच्या खोलीतला बल्ब बदलला. शेजारच्या खोलीतला एक चार्जर तर मी स्वतःच्या पैशाने बदलून दिला, त्यांना वाटलं मी फार मनमिळाऊ आहे.

आणि मग एके रात्री लाइट गेली. सगळ्या ब्लॉकमधून नेहमीचा ‘ओऽऽऽ’ झाला, थाळ्या वाजल्या. माझा रेडिओ मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालूच होता. खरखर अशी पडली, जणू पंख्याचं बटण बंद केलं. आणि त्या शांततेत, अगदी तळाशी, माणसांचे आवाज होते. एक अरबी धाटणीचं इंग्रजी. एक रशियन. कुठूनतरी येणारं, तुटक तुटक, बहुधा जपानी. हे सगळे आवाज आधीपासून आमच्या माळ्यावरच्या तारेत येत होते. आमच्याच चार्जरनी ते झाकून टाकले होते. अंधारात कॉटवर बसून मी तासभर नुसता ऐकत राहिलो. लाइट आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं तोंड पडलं.

त्यानंतर मी लाइट जायची वाट बघणारा होस्टेलमधला एकमेव प्राणी झालो.

बोलण्यापेक्षाही छपराखालच्या अँटेनाला जास्त मानवतं ते एफटी८. हा २०१७ साली आलेला डिजिटल प्रकार, जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी केलेला. टेलर म्हणजे जोडताऱ्यातला पल्सार शोधल्याबद्दल १९९३ साली ज्यांना फिजिक्सचं नोबेल विभागून मिळालं तेच. पंधरा सेकंदांच्या पाळ्या, एकदा तुम्ही, एकदा समोरचा. कॉल साइन, ठिकाण, सिग्नलचा रिपोर्ट, बस. गप्पा नाहीत. पण कानाला फक्त खरखर ऐकू येत असताना कॉम्प्युटर त्यातून निरोप उपसून काढतो. माझ्या सेटची पॉवर वरच्या बँडवर घसरते, २८ला दोन-तीन वॅट जेमतेम. टॉर्चच्या बल्बएवढी पॉवर. तेवढ्यावर, कौलांखालून, मी जपान, इंडोनेशिया, इटली, दक्षिण आफ्रिका केलं. ‘केलं’ हा आमचा शब्द आहे, तिकिटं गोळा करणाऱ्यांसारखा.

आमच्या जिल्ह्यातले एक ज्येष्ठ हॅम काका आहेत, माझे गुरूच. ते म्हणतात, घरातला अँटेना हा अँटेनाच नव्हे. मी त्यांच्यासमोर कधी बोललो नाही, पण इथे बोलतो. काकांचं चूक आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच मापाची दुसरी तार ग्राउंडच्या कडेला दोन निलगिरींमध्ये, तेवढ्याच उंचीवर बांधली आणि आलटून पालटून दोन्हींवरून सिग्नल सोडून पाहिला. बाहेरची तार अर्थातच सरस. फरक कधी कमी कधी जास्त, पण सहसा ६ डीबीच्या आसपास, म्हणजे रेडिओच्या भाषेत एक एस-युनिट. माझे दोन वॅट माळ्यावरून अर्ध्या वॅटसारखे जातात. हे नुकसान खरं आहे. पण अँटेना न लावण्याचं नुकसान किती डीबी? ते गणित मांडलं तर उत्तर येतं अनंत. जागा नाही म्हणून परवाना ट्रंकेत ठेवून दिलेली पोरं मला माहीत आहेत. चार वर्षांत एकदाही बोलली नाहीत. त्यांना मी हेच म्हणतो, की आहे त्या छपराखाली लावा. उलट माळ्यावरच्या तारेचे काही फायदे बाहेरच्याला नाहीत. वाऱ्याने तुटत नाही, उन्हाने तडकत नाही, आणि मुख्य म्हणजे वानरं झोके घेत नाहीत. ग्राउंडवरच्या तारेचं आयुष्य वानरांनी चार दिवसांवर आणलं. माळ्यावर फक्त उंदीर. त्यांनी एकदा कोॲक्स कुरतडली, एवढं सोडलं तर आमचं बरं चाललं होतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी शहाणा माणूस आहे. आता भुताचा खुलासा.

मी तार लावताना कुणाला विचारलं नाही. रेक्टर सरांना नाही, एचओडींना नाही. ‘विचारलं तर नाही म्हणतील, न विचारता लावली तर कुणाला कळणार’ हे होस्टेलचं सनातन तत्त्वज्ञान. परवाना माझ्याकडे होता, पत्ता बरोबर होता, म्हणून मी मनाशी म्हणत होतो की यात गैर काहीच नाही. पीएलमध्ये एका रात्री मी एफटी८ सोडून माइकवर बोलायला लागलो, तो आवाज खालच्या खोलीतल्या स्पीकरच्या वायरने पकडला. स्पीकरच्या आतला ॲम्प्लिफायर रेडिओचा सिग्नल अर्धवट उलगडतो आणि त्याचं बदकासारखं नाकातलं बोलणं होतं. आवाजाची कळ त्या सर्किटच्या आधी असते, त्यामुळे ती शून्यावर आणून उपयोग नाही. खोली फर्स्ट इयरच्या एका मुलाची होती. शेवटी तो घाबरून वॉचमनमामांकडे गेला. मामा शिडी घेऊन वर चढले, मागोमाग रेक्टर सर. तार सापडली.

सर ओरडले नाहीत. त्यांनी टॉर्चने तार या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, मग खाली तक्तपोशीकडे टॉर्च मारून विचारलं, “याच्या खाली कोण झोपतं?”

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तारेचा मध्य त्या फर्स्ट इयरच्या मुलाच्या कॉटच्या बरोबर वर होता, जेमतेम दोन मीटरवर.

दोन-तीन वॅटला त्याच्या तब्येतीला धोका नव्हता, हे मी नंतर गणित करून सरांना दाखवलं आणि ते बरोबर आहे. पण ‘नंतर’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ते गणित तार लावण्याआधी करायचं असतं. माणसाचं शरीर ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओची ऊर्जा जास्त शोषतं, म्हणून सुरक्षिततेच्या मर्यादा तिथे सर्वांत कडक आहेत, आणि माझा बँड त्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर. उद्या मला कुणी शंभर वॅटचा सेट दिला असता तर मी तोच त्याच तारेला जोडला असता, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. त्या पॉवरला दोन मीटर हे अंतर पुरेसं नव्हे. शिवाय डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, शंभर वॅटला हजाराच्या पुढे जातं, आणि माझी टोकं सुक्या सागवानाला टूथब्रशच्या दांडीने बांधलेली. ज्याच्या डोक्यावर मी तार टांगली त्याला विचारायचं सोडा, तो आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “सर, मला पण शिकवा ना.” फायनल इयरवाल्याला सर म्हणायची आपल्याकडची पद्धत मला एरवी आवडत नाही, त्या दिवशी तर अंगावर काटाच आला.

तार उतरवली. ती माझ्या कपाटात गुंडाळून ठेवली आहे. त्यानंतर मी रीतसर अर्ज केला : परवान्याची प्रत, नकाशा, गणित, कोणत्या खोलीवरून तार जाणार नाही हे सगळं लिहून. उत्तर यायच्या आत पत्र्यांची नोटीस लागली.

पत्र्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. वरच्या मजल्यावर जुलैत कॉटवर बादल्या ठेवून झोपणारी मुलं मी पाहिली आहेत, माझीही गादी भिजली आहे. माझ्या छंदासाठी कुणी ओलं झोपावं असं म्हणणारा मी कोण? पण पत्रा आला की माळ्यावरचा अँटेना संपला, हेही समजून घ्या. पत्र्याखाली जवळच आडवी तार लावली, की पत्र्यात तिच्या करंटची उलटी प्रतिमा उमटते आणि दोघं एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. जे उरतं ते खाली, खोल्यांकडे जातं. म्हणजे सिग्नल बाहेर नाही आणि माणसांच्या अंगावर मात्र आहे, असा दोन्हीकडून तोटा. पत्र्याखाली तार लावायचा प्रयत्न कुणी करू नये.

मग आता अँटेना पत्र्याच्या वर जायला हवा. आणि इथे मला कॉलेजकडे काहीतरी मागायचं आहे.

असं काही मागताना हॅम लोक एक यादी वाचतात. १९९३चा किल्लारीचा भूकंप, २००१चा भूजचा. २००४च्या सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद यांची हॅम टीम आधीपासून पोचलेली होती आणि संपर्क तुटल्यावर निरोप तिने पोचवले. यादी खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण माझा अर्ज मी त्या जोरावर केलेला नाही. भूकंप येईल म्हणून अँटेना द्या, असं म्हणणं मला थोडं लबाडीचं वाटतं. मी गप्पा मारायला आणि शिकायला तार लावली होती. आपल्या कॉलेजात अँटेनाची लॅब आहे, तिथे कपाटात यागी आहे, हॉर्न आहे, सगळं मायक्रोवेव्ह बेंचवर तीन मीटरच्या अंतरात चालतं आणि रीडिंग आधीच्या बॅचचीच येतात. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बांधला, तो २०१६च्या जूनमध्ये पीएसएलव्हीतून वर गेला. ती झेप आपल्याला जमेल न जमेल. पण ज्या तारेचं रीडिंग पावसाने बदलतं, उंदराने बिघडतं आणि शेजाऱ्याच्या चार्जरने खोटं पडतं, अशी एक तर तार कॉलेजात असायला काय हरकत आहे?

मागणी छोटी आहे. कंत्राटदाराची माणसं छपरावर असतील तेव्हाच आढ्याच्या दोन टोकांना दोन पाइप बसवावेत, दीड इंची, चार-चार मीटरचे. नंतर बसवायचे म्हटलं तर नवे पत्रे भोकं पाडून गळायला लागतील आणि मग शिव्या अँटेनाला बसतील. पाइपापासून खाली अर्थिंगची पट्टी हवीच. रेक्टर सरांची भीती विजेची आहे आणि ती बरोबर आहे. कौलांखाली होतो तेव्हाही वळवाच्या पावसात मी कोॲक्स काढून ठेवत असे, कारण कौल काही वीज अडवत नाही. छपराच्या वर गेल्यावर तर अर्थिंग आणि वादळात केबल काढणं, दोन्ही सक्तीचं असायला हवं. सेट रिकाम्या पडलेल्या इस्त्रीच्या खोलीत ठेवावा, कुणाच्या कॉटजवळ नको. किल्ली वॉचमनमामांकडे, वहीत सही करून घ्यायची, आणि परवाना असेल त्यालाच बोलायला मिळेल. ऐकायला कुणीही या.

आणि जे जुनिअर कुठल्या कौलारू घरातून, वाड्यातून आले आहेत, ज्यांच्या गावी माळा आहे, त्यांनी पत्र्याचं वाईट वाटून घेऊ नये. परवाना काढा, पाच मीटर तार न्या, घरच्यांना विचारा, खाली कोण झोपतं ते आधी बघा, आणि वर चढा. माप ४ मीटर ८५ धरा, पण तुमची कौलं वेगळी असतील, तेव्हा थोडी जास्तच ठेवा. कापता येते, जोडायला त्रास होतो.

मी जूनमध्ये इथून जाणार. तार त्या फर्स्ट इयरच्या मुलाला देऊन जाणार आहे. त्याचं मोर्स सध्या ‘क्यू’पर्यंत आलंय, आणि रात्री साडेअकराला कोपऱ्यातल्या खोलीतून पुन्हा आवाज यायला लागले आहेत. ‘डा डा डिट डा’ ऐकू आलं तर उदबत्ती लावू नका, तो अभ्यास करतोय.